पंधरापैकी किती

सोमवार, ४

डॉक्टर बोलतात तेव्हा सगळं समजल्यासारखं वाटतं आणि बाहेरच्या बाकावर येईस्तोवर निम्मं सांडून गेलेलं असतं. म्हणून ही वही. वर्कशॉपमधली आहे. पहिल्या चार पानांवर दुरुस्तीला आलेल्या वजनकाट्यांचे नंबर आहेत, ते असू देत.

शनिवारी दुपारी धाकटा, माझा भाऊ, बंदरावर क्रेनच्या शिडीवरून पडला. डोक्यावर. संध्याकाळीच ऑपरेशन करून आत साकळलेलं रक्त काढलं. तेव्हापासून तो अतिदक्षता विभागात आहे, खिडकीकडून दुसरी खाट. सकाळी अकरा आणि संध्याकाळी पाच या भेटीच्या वेळा. एका वेळी एकच माणूस, दहा मिनिटं.

आज डॉक्टरांनी त्यांची मोजायची पद्धत सांगितली. डोळे, बोलणं आणि हालचाल असे भाग. प्रत्येकाला गुण देतात आणि बेरीज करतात. जास्तीत जास्त पंधरा. म्हणजे तुम्ही-मी पंधरा. धाकट्याला आणला तेव्हा तो आठ होता, आज सात. डोळे दोन, बोलणं एक, हालचाल चार. घशात नळी आहे म्हणून बोलण्याचा एकच धरायचा.

मला खरं सांगायचं तर हायसं वाटलं. दोन दिवस नुसतं "बघू या", "वाट पाहू या" ऐकून जीव टांगणीला लागला होता. आकडा आला की माझ्या पायाखाली जमीन येते. बावीस वर्षं वजनकाटे दुरुस्त करतेय. माणूस काहीही बोलो, काटा काय म्हणतो ते बघायचं.

वहिनीला बाहेर येऊन सांगितलं. वयानं ती माझ्याहून बरीच लहान, तरी मी वहिनीच म्हणते. ती शाळेत शिकवते. म्हणाली, "पंधराच्या चाचणीत सात. आम्ही शेरा देतो, सुधारणेला वाव आहे." आणि स्वतःच्याच बोलण्यावर हसली. मग हसल्याबद्दल रडली.

बुधवार, ६

सहा. डोळ्यांचा एक कमी झाला.

सकाळी बंदरावरचा मुकादम आला होता. धिप्पाड माणूस, बाकाच्या कडेला इतका अंग चोरून बसला होता की मला वाटलं कुणा दुसऱ्याच पेशंटचा नातेवाईक आहे. शनिवारी नक्की काय झालं ते त्यानं सांगितलं. आत्तापर्यंत आम्हाला "पडला" एवढंच माहीत होतं.

बंदराच्या मनोऱ्यावर वाऱ्याचे बावटे चढवतात. एक नंबर म्हणजे लक्ष असू द्या. दोन म्हणजे तयारीत राहा. तीन म्हणजे वारा आता इथेच येतोय, क्रेन बांधा आणि सगळ्यांनी खाली उतरा. शनिवारी तीन चढला. सगळे उतरायला लागले. धाकटा अर्ध्यात आला आणि वरच्या केबिनचा ब्रेक नीट लागला नाही अशी शंका आली म्हणून परत वर चढला. ब्रेक लावला. उतरताना ओल्या पायरीवरून पाय सटकला.

"ब्रेक लागला होता का आधी?" मी विचारलं.

"लागलेलाच होता, ताई. मी नंतर वर जाऊन बघितलं. त्यानं दुसऱ्यांदा दाबला, एवढंच."

तो थोडा वेळ स्वतःच्या टोपीकडे बघत राहिला. "तीन चढवा म्हणून मीच सांगितलं मनोऱ्यावर. तीन म्हणजे आमच्याकडं जीव वाचवायचा नंबर. तो लागला की पोरं खूश होतात, लवकर घरी जायला मिळतं."

मी म्हटलं, तुमचा काय दोष. हे म्हणणं सोपं असतं. तो उठून गेल्यावर बाकावर त्याच्या डब्याची पिशवी राहिली होती. आमच्यासाठी आणलेला डबा, द्यायचं विसरला.

शुक्रवार, ८

पाच. हालचालीचा एक कमी.

हे लिहू की नको असं चाललंय कालपासून. पडण्याच्या आदल्या दिवशी त्याचा फोन आला होता. मी तेव्हा औषधाच्या दुकानातला नाजूक काटा जुळवत होते. असा काटा श्वासानंही हलतो. मी म्हटलं, "मरू दे रे आत्ता, नंतर करते." तो म्हणाला, "बरं, ताई. काही खास नाही." संध्याकाळी आठवण झाली होती. कंटाळा केला.

"मरू दे" हा माझ्या तोंडचा शब्द आहे. स्क्रू हातातून पडला तरी मी म्हणते. तरी आता तो मलाच ऐकू येत राहतो.

त्याला काय सांगायचं होतं ते वहिनीला विचारलं. तिला ठाऊक नाही. खरंच काही खास नसेल. तो असाच करायचा फोन, आज काय खाल्लं विचारायला.

रविवार, १०

सहा! हालचालीचा गेलेला एक परत आला. सिस्टरनं त्याच्या नखावर पेन दाबलं आणि त्यानं हात मागे ओढला, माझ्यासमोर. चष्मेवाल्या सिस्टर म्हणाल्या, "बघितलंत ना?" त्यासुद्धा खूश दिसल्या.

म्हणून संध्याकाळी आईला नेलं, तिच्यासाठी मलाही आत सोडलं. आठ दिवस आम्ही तिला घरीच ठेवलं होतं. तिला ऐकू कमी येतं, त्यामुळे डॉक्टरांशी बोलताना मलाच सगळं तिच्या कानाशी ओरडून सांगावं लागलं. अतिदक्षता विभागात ओरडत नाहीत. मग बोटांनी दाखवलं, सहा. तिनं मान डोलावली. सहा कशाचे हे विचारलं नाही. त्याचे पाय चाचपले आणि म्हणाली, "गार पडलेत. ह्याला मोजे का नाही घातले कुणी?"

सिस्टर म्हणाल्या, आणा मोजे. उद्या नेईन. आठ दिवसांत मला करता येण्यासारखं निघालेलं हे पहिलं काम.

मंगळवार, १२

काल काही लिहिलं नाही. काल ताप चढला, मेंदूची सूज वाढली, डॉक्टर सारखे आत-बाहेर करत होते, भेटू दिलं नाही. मोजे पिशवीतच राहिले.

आज तीन.

एकदम सहावरून तीन. पण मग मी कागदावर मांडून बघितलं. डोळे एक, बोलणं एक, हालचाल एक. कुठलाच भाग पार बुडालेला नाही. तिन्हींत थोडं थोडं शिल्लक आहे. पंधरापैकी तीन म्हणजे पाचवा हिस्सा. पाचव्या हिश्श्यावरून माणूस वर येऊ शकतो.

डॉक्टरांना हेच म्हटलं, "तीन आहेत ना अजून?"

ते माझ्याकडे बघत राहिले. मग फाईलकडे. म्हणाले, "परिस्थिती फार गंभीर आहे. घरच्यांना थोडी कल्पना देऊन ठेवा." मी म्हटलं, हो, देते. ते आणखी काही बोलतील असं वाटलं, पण त्यांना दुसऱ्या खाटेकडून हाक आली.

वहिनी म्हणाली, तिच्या वर्गात मागच्या वर्षी एका मुलीला असेच तीन होते, आणि वार्षिक परीक्षेत तिनं कमाल केली. कोणती कमाल ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही.

मुकादम संध्याकाळी आला. जिन्यातच विचारलं, "आज किती?"

"तीन."

तो तिथेच कठड्याला धरून उभा राहिला. वर आलाच नाही.

बुधवार, १३

आजही तीन. खाली नाही गेला, हे लिहून ठेवते. अठ्ठेचाळीस तास एका जागी टिकला तर त्याला स्थिर म्हणायला हरकत नाही. काट्याच्या बाबतीत तरी आम्ही तसंच धरतो.

मोजे घातले. राखाडी, लोकरीचे. उजव्या पायाच्या अंगठ्याचं नख वाढलंय. उद्या नेलकटर न्यायचं.

दुपारी वहिनी दवाखान्यात होती म्हणून भाचीला शाळेतून मी आणलं. आठ वर्षांची आहे. दवाखान्यात मुलांना सोडत नाहीत, त्यामुळे तिला सगळं आमच्या तोंडून कळतं, म्हणजे काहीच कळत नाही. रस्त्यात म्हणाली, "आत्या, बाबांचा कितवा नंबर आला?"

"कसला नंबर?"

"तुम्ही रोज फोनवर सांगता ना सगळ्यांना. आधी सात, मग सहा. आज?"

"तीन," मी म्हटलं.

ती थांबली. "म्हणजे तिसरा? म्हणजे वर आले बाबा?"

तिच्या शाळेत पळण्याच्या शर्यतीत तिसऱ्या नंबरापर्यंत पदक देतात. तिनं तिथल्या तिथे उडी मारली. दप्तरातला डबा खणखणला. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होते. आकडे कमी होत गेले की ती चढती कमान समजत होती, आठ दिवस. घरी जाऊन तिनं आईच्या कानाशी ओरडून सांगितलं, "आजी, बाबा तिसरे आले." आईनं तिच्या डोक्यावरून हात फिरवला आणि माझ्याकडे बघितलं. मी स्वयंपाकघरात गेले.

गुरुवार, १४

वर्कशॉपचे मालक, त्यांना आम्ही वस्ताद म्हणतो, त्यांनी बारा दिवसांत एकदाही फोन करून कामाचं विचारलं नव्हतं. आज केला. सुक्या मेव्याच्या दुकानातला काटा बिघडलाय, दुकानदार हटून बसलाय, अर्ध्या तासाचं काम आहे, जमलं तर बघ. मी गेले. खरं तर बरं वाटलं. प्रमाणित वजनांची पेटी हातात धरली की हात हातासारखे वाटतात.

पारडं रिकामं होतं आणि समोर तीन ग्रॅम दिसत होते. मी दुकानदाराला दाखवलं, "हे बघा, वर काही नाही तरी तीन."

तो म्हणाला, "मी तर रोज बघतो. वाटायचं, काहीतरी असेल पारड्यात. धूळ, कण, काहीतरी. शून्य येतच नाही म्हणजे काहीतरी असणारच."

"काही नाही. ह्याची सुरुवातच तीनपासून होतेय."

दोन स्क्रू आणि एक गंजलेली पट्टी, तेवढाच दोष होता. शून्यावर आणला, मोहर लावली, निघाले. दवाखाना तिथून चालत वीस मिनिटांवर आहे. चालताना त्या माणसाचं बोलणं डोक्यातून जाईना. शून्य येतच नाही म्हणजे काहीतरी असणारच. चौकात सिग्नलला उभी असताना मला जाणवलं की एक प्रश्न मी कुणाला विचारलेलाच नाही. जास्तीत जास्त किती ते पहिल्या दिवशी लिहून घेतलं. कमीत कमी किती, ते नाही. बावीस वर्षांत मी एकही काटा शून्य न तपासता हातात घेतला नसेल.

पाचच्या भेटीला चष्मेवाल्या सिस्टर होत्या. सलाइनची बाटली बदलत होत्या.

"सिस्टर, डोळे अजिबात उघडत नसतील तर किती देता?"

"एक."

"आणि हात-पाय अजिबात हलत नसतील तर?"

त्यांनी बाटली टांगली, नळीतला थेंब बघितला. "एक," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, अगदी हळू, "ताई, त्याच्याखाली मोजत नाहीत. तीनच्या खाली काही नाहीच."

नेलकटर माझ्या मुठीत होतं. दहा मिनिटं संपेपर्यंत मी त्याचं नख कापत बसले. सावकाश, कोपरे घासून.

शुक्रवार, १५

तीन. आता हा शब्द लिहिताना हात जड होतो.

रागही आला, खोटं कशाला बोलू. डॉक्टरांवर नाही. ज्यानं हे माप बसवलं त्याच्यावर. शून्य म्हणायला काय झालं होतं? रिकाम्या पारड्याला आकडा द्यायचा आणि बाहेर बाकावर बसलेल्या माणसांनी तो उराशी धरून घरी न्यायचा. मग वाटलं, त्यांना तो आकडा एकमेकांना सांगायला हवाय, आमच्यासाठी तो केलेलाच नाही. आम्ही मध्ये कान लावून बसलोय.

सकाळी वहिनीला सांगायचं ठरवलं. कँटीनमध्ये चहा घेतला. तिनं बिस्किट बुडवलं आणि ते तुटून चहात पडलं. ती चमच्यानं काढत राहिली. मी म्हटलं, "वहिनी, मी काल सिस्टरांना त्या गुणांबद्दल विचारलं."

तिनं चमचा खाली ठेवला. "ताई, काही सांगू नका."

"पण तुला कळायला..."

"उद्या सांगा. परवा सांगा. मला आज पोरीच्या शाळेत जायचंय, तिच्या बाईंशी बोलायचंय, संध्याकाळी परत इथं यायचंय. आजचा दिवस तीन राहू देत माझे." आवाज अजिबात चढलेला नव्हता. मुलांना वही मिटायला सांगतात तसा होता.

मी चहा संपवला. तिला ठाऊक आहे की नाही, मला कळत नाही. जाणून घ्यायचं धाडस नाही.

दुपारी वाटलं, आईला सांगावं. पण तिला ही गोष्ट कानाशी ओरडून सांगावी लागेल. हे ओरडून कसं सांगतात?

सोमवार, १८

डॉक्टरांनी आम्हा दोघींना खोलीत बसवलं. मेंदूचं काम थांबलंय अशी त्यांना खात्री होत आली आहे. तरी नियमाप्रमाणे दोन वेगळे डॉक्टर दोनदा तपासतात, मध्ये काही तास सोडून. एक तपासणी आज दुपारी झाली. दुसरी उद्या सकाळी.

मी विचारलं, "दोन्हींत फरक पडला असं कधी झालंय?" ते म्हणाले, "मी पाहिलेलं नाही."

वहिनीनं फक्त एवढंच विचारलं, "त्याला दुखतंय का?"

"नाही."

"नक्की?"

"नक्की."

तिनं मान हलवली आणि पर्समधून रुमाल काढून डॉक्टरांच्या टेबलावर सांडलेलं पाणी पुसलं. मी नुसती बसून होते. कुणी हातात काही दिलं असतं तर मी ते उघडून दुरुस्त करायला लागले असते, इतकी रिकामी.

मुकादमाला मीच फोन केला. तो बंदरावरच होता. मागून वाऱ्याचा आवाज येत होता. मग म्हणाला, "ताई, त्या शनिवारपासून बावटा चढवायची वेळ आली की मी दुसऱ्याला सांगतो. माझ्या तोंडून तो नंबर निघत नाही." मी त्याला सांगितलं, चढवत जा. वारा आला की चढवायलाच हवा. बाकीची पोरं खाली यायला हवीत. तो हो म्हणाला. करेल की नाही कोण जाणे.

मंगळवार, १९

सकाळी नऊ वाजून चाळीस मिनिटांनी दुसरी तपासणी झाली. तीच वेळ कागदावर लिहिली.

आई आली होती. मला ओरडावं लागलं नाही. तिनं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि थेट आत गेली, खाटेच्या पायथ्याशी. मोजे नीट वर ओढले.

आज कुणी बेरीज सांगितली नाही.

शनिवार, २३

शेवटचं सगळं उरकलं. घरात माणसं आहेत, कुणी ना कुणी चहा करतंय.

भाचीला वहिनीनं सांगितलं, मी दाराबाहेर होते. मग भाचीचा आवाज आला, "पण आत्या म्हणाली होती तिसरे आले." वहिनी काय म्हणाली ते कळलं नाही.

नंतर भाची माझ्याशी बोलली नाही. संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसली, पण मध्ये एक उशी ठेवून. मी तिला सांगायला हवं होतं की मलाही तेव्हा माहीत नव्हतं. तेही पूर्ण खरं नाही. तिनं उडी मारली तेव्हा ती चुकतेय हे मला माहीत होतं.

मंगळवार, २६

बंदराच्या कार्यालयात गेलो होतो, वहिनी, आई आणि मी. तिथल्या माणसाला मागे राहिलेल्यांची माहिती फॉर्ममध्ये भरायची होती. कारकून तरुण होता, नम्र. वहिनीचं झालं, मग आईचा रकाना. तो खुर्ची पुढे ओढून तिच्या कानाशी वाकला. "आजी, तुम्हाला मुलं किती?"

"तीन," आई म्हणाली.

त्यानं माझ्याकडे बघितलं. मी "दोन" म्हणायला तोंड उघडलं होतं. माझ्याआधी एक मुलगी झाली होती आणि नऊ दिवसांची होऊन गेली, हे मला मावशीनं एकदा सांगितलं होतं. आईच्या तोंडून चव्वेचाळीस वर्षांत एकदाही निघालं नाही. मला वाटायचं ती विसरली असेल, किंवा तिनं ते मोजणंच सोडलं असेल.

"तीन लिहा," मी म्हटलं.

त्यानं लिहिलं. मग पुढचा रकाना वाचून तो जरा अडखळला, पण विचारणं भाग होतं. "त्यांतली हयात किती, आजी?"

तिला ते दुसऱ्यांदा सांगावं लागलं नाही. टेबलाखालून तिनं माझं मनगट धरलं, माझा हात वर उचलला आणि त्या फॉर्मवर त्याच्यासमोर ठेवला.